प्लग गाडीला विचारून घ्यावा

पोरी, जुनी का होईना, सीएनजीची वॅगनआर घेतलीस, बरं केलंस. आता डोंबिवली ते ठाणे रोजचं येणं-जाणं तिच्यावर होणार. पहिल्याच सर्व्हिसिंगला कुणीतरी म्हणेल, "मॅडम, इरिडियम प्लग टाका, गाडी पळेल." त्याआधी मामाचं ऐकून ठेव. कल्याण-शीळ रस्त्यावर प्रीमियरचा कारखाना चालू होता, घरोघरी पद्मिनी गाड्या होत्या, तेव्हाच्या मेकॅनिक लोकांकडून मी हे शिकलो. ते म्हणायचे, प्लग दुकानदाराला विचारून घ्यायचा नाही, गाडीला विचारून घ्यायचा.

गाडीला विचारायचं म्हणजे तिचं मॅन्युअल उघडायचं. त्यात प्लगचा पूर्ण नंबर असतो. तो मधली अक्षरं न गाळता जसाच्या तसा लिहून घे, कारण त्यातलं प्रत्येक अक्षर कामाचं आहे. एनजीकेचा 'बीपीआर६ईएस' घे. 'बी' म्हणजे १४ मिलिमीटरचे आटे, 'आर' म्हणजे आत रेझिस्टर, 'ई' म्हणजे आट्यांची लांबी १९ मिलिमीटर आणि '६' म्हणजे उष्णतेचा आकडा. लांबी चुकली तर प्लगचं टोक पिस्टनला धडकू शकतं, नाहीतर ठिणगी हेडच्या आतल्या आतच राहते.

उष्णतेच्या आकड्यात भलेभले फसतात. प्लगचं टोक साधारण ४५० अंशांच्या वर तापलं, तर त्यावरची काजळी आपोआप जळते. ८०० अंशांच्या पुढे गेलं, तर ठिणगीची वाट न पाहता पेट्रोल आधीच पेट घेतं आणि पिस्टनला इजा होते. या दोन्हींच्या मध्ये राहील असा प्लग कंपनीने ठरवलेला असतो. एनजीके आणि डेन्सोमध्ये आकडा जितका मोठा तितका प्लग थंड. बॉशमध्ये नेमकं उलटं, आकडा मोठा तितका प्लग गरम. म्हणून एका ब्रँडचा सहा काढून दुसऱ्याचा सहा कधी लावू नकोस. ब्रँड बदलायचाच असेल तर त्याच कंपनीच्या तक्त्यात आपल्या गाडीचं नाव बघून घे.

आता इरिडियम. इरिडियम चांगलं आहे, पण त्याचा गुण टिकाऊपणाचा. हा धातू २४०० अंशांच्या वर वितळतो, त्यामुळे टोक बारीक ठेवूनही लवकर झिजत नाही. साधा निकेलचा प्लग ३०-४० हजार किलोमीटर चालतो, इरिडियम ८० हजार ते लाखापर्यंत जातो. कंपनीने इरिडियम दिला असेल तर पैसे वाचवायला निकेल लावू नकोस. कंपनीने निकेल दिला असेल तर निकेलच लाव आणि वेळेवर बदल. धातू बदलला म्हणून इंजिनाची ताकद वाढत नाही.

वेळेवर म्हणजे केव्हा, हे नुसतं किलोमीटरवर ठरवू नकोस. इंजिन ८०० आरपीएमवर नुसतं गुरगुरत असलं, तरी प्रत्येक प्लग मिनिटाला ४०० वेळा पेटवणी करतो. तासाला २४ हजार वेळा. माजिवड्याला किंवा शीळफाट्याला तू अडकतेस तेव्हा काटा हलत नाही, पण प्लग झिजत असतो. आपल्याकडच्या गाडीचा प्लग पुस्तकातल्या आकड्याच्या थोडं आधीच बदलावा.

सीएनजीला तर जास्तच जपायचं. गॅस पेट्रोलपेक्षा उशिरा पेटतो, त्याला जोरकस ठिणगी लागते. प्लग झिजून टोकांमधली गॅप वाढली की कॉइलवर ताण येतो. गाडी पेट्रोलवर नीट चालते आणि गॅसवर चढाला मिस मारते, असं झालं तर किटवाल्याकडे धावण्याआधी प्लग काढून बघ. कंपनी फिटेड सीएनजी असेल तर मॅन्युअलमध्ये गॅसच्या गाडीसाठी दिलेलाच नंबर आणि तीच गॅप धर. पद्मिनीच्या पॉइंटवाल्या इंजिनाला गॅप अर्ध्या मिलिमीटरच्या आसपास लागायची; आजच्या गाड्यांना साधारण ०.८ ते १.१ लागते. जुन्या माणसाच्या अंदाजाने गॅप लावून घेऊ नकोस, माझ्याही नाही. इरिडियमच्या टोकाला तर गॅप मोजायची पट्टी खुपसायची नाही आणि पॉलिश पेपरही लावायचा नाही. ते टोक सुईसारखं नाजूक असतं.

प्लग काढायचा तो इंजिन पूर्ण थंड झाल्यावर. हेड ॲल्युमिनियमचं असतं. तापलेलं असताना जोर लावला तर आटे गेलेच म्हणून समज. आधी खळग्यातली धूळ हवेने उडव; पावसाळ्यात तिथे पाणी साचतं, तेही बघ. नवा प्लग बोटांनी फिरवत बसव. अडला तर परत काढ, पान्याने रेटू नकोस. वॉशर टेकला की नव्या प्लगला पान्याने साधारण अर्धा फेरा पुरतो.

काढलेले तिन्ही प्लग सिलिंडरच्या क्रमाने कागदावर मांड. टोक फिकट तपकिरी असेल तर सगळं ठीक. कोरडी काळी काजळी असेल तर एअर फिल्टर बघ. घर ते स्टेशन एवढंच चालवल्यानेही प्लग तापत नाही आणि काजळी धरतो. त्यावर गरम प्लग हा उपाय नव्हे. रविवारी मुरबाड किंवा शहापूरपर्यंत सलग चक्कर मारून ये. टोक तेलकट असेल तर ऑइल आत येतंय. पांढरंफटक आणि फोड आलेलं असेल तर इंजिन जास्त तापतंय, गाडी लगेच दाखव. तिन्ही सारखेच खराब असतील तर कारण सामायिक असतं. एकच वेगळा असेल तर दोष त्याच सिलिंडरमध्ये. प्लग बदलून दोष जात नाही, त्याचं मूळ शोधायला लाव.

नकली माल बाजारात भरपूर आहे. अधिकृत विक्रेत्याकडून बिल घेऊनच घे. पॅकिंग फोडून तिन्ही शेजारी धर: मधलं टोक बरोबर मध्यावर हवं, चिनी मातीवरची अक्षरं सुबक हवीत, गॅप तिन्हींची सारखी हवी. इरिडियम म्हणून दिलेल्याचं टोक जाड दिसलं तर तिथेच परत कर.

आणि गाडी मिस मारत असताना "बघू पुढच्या महिन्यात" करू नकोस. न जळलेलं इंधन सायलेन्सरच्या वाटेवरच्या कॅटॅलिटिक कन्व्हर्टरमध्ये जाऊन पेटतं आणि तो निकामी होतो. तीन प्लगच्या पैशांत तो येत नाही. नंबर, गॅप आणि बदलल्याचा किलोमीटर एका चिठ्ठीवर लिहून मॅन्युअलमध्येच ठेव, म्हणजे गॅरेज कुठलंही असो, काय लावायचं ते तू सांगशील.