विकत मिळणारी गुरुकिल्ली

कापूस वेचणीचे दिवस होते. नववीच्या वर्गातील एक विद्यार्थी मधल्या सुट्टीत आमच्याकडे आला व काहीशा संकोचाने म्हणाला, "सर, फोनवरच्या खेळात पैसा कसा करावा हे शिकवणारे एक गाईड 499 रुपयांना मिळते. घेऊ का?" पैसे कोठून आणणार, असे विचारता आईच्या वेचणीच्या मजुरीतून, असे उत्तर आले. किलोमागे 10 रुपये धरले, तर त्या माउलीस सुमारे 50 किलो कापूस वेचावा लागेल, असा हिशोब आम्ही मनातल्या मनात केला. तथापि तत्काळ 'नको' म्हणालो नाही. परीक्षेची गाईडे मुलांनी विकत घेतलेली आम्हांस चालतात. मग याच गाईडास आक्षेप का, हे आधी आमचे आम्हांसच उमगावयास हवे होते.

तो विद्यार्थी खेळतो तो खेळ इंग्लंडातील केंब्रिज येथील जॅगेक्स या कंपनीचा. 'ओल्ड स्कूल रूनस्केप' हे त्याचे नाव. 2013 साली तो सुरू झाला व 2018 पासून फोनवरही खेळता येतो. त्यात लाकूड तोडावे, मासे धरावे, धातू वितळवावा आणि 'ग्रँड एक्स्चेंज' नावाच्या पेठेत माल विकून सोन्याची नाणी मिळवावी, अशी रचना आहे. भाव कंपनी ठरवीत नाही. घेणारे व विकणारे खेळाडूच आपल्या मागणी-पुरवठ्याने तो ठरवितात. म्हणजे आपल्या आदिलाबादच्या कापूस बाजाराचेच हे एक लहानसे रूप म्हणावयाचे. 2021 च्या डिसेंबरपासून तेथे विक्रीवर करही कापला जातो!

आता समजा, गाईडात एक युक्ती दिली आहे: अमुक धातू 100 नाण्यांस घ्यावा, त्याची वस्तू घडवावी व 130 नाण्यांस विकावी. लेखकास एकट्यास ती ठाऊक होती तोवर नफा 30 नाण्यांचा. गाईडाच्या हजार प्रती खपल्या, की हजार जण तोच धातू मागू लागतात. तो 112 वर चढतो. हजार जण तीच वस्तू विकावयास आणतात. ती 115 वर उतरते. उरल्या 3 नाण्यांतून कर वजा जातो. ज्या दिवशी साऱ्या बैलगाड्या व ट्रॅक्टर एकदम बाजारात लोटतात, त्या दिवशी भावाचे काय होते, हे शेतकऱ्याच्या मुलास आम्ही काय सांगावे?

परीक्षेच्या गाईडाशी याचा भेद येथेच आहे. पायथागोरसचा सिद्धान्त चाळीस मुलांनी वाचला म्हणून तो चाळिसाव्या भागाने खरा उरत नाही. बुद्धिबळाचे चांगले पुस्तक कितीही हातांतून गेले तरी त्याचे मोल टिकते. बाजारातील युक्ती मात्र वाटली की झिजते. म्हणून ती विकावयास काढणारा मनुष्य बहुधा खेळातून नव्हे, तर गाईडाच्या विक्रीतूनच कमावीत असतो. शिवाय या खेळाच्या वाचकांनी चालविलेल्या ज्ञानकोशात नाणी मिळविण्याच्या पद्धती, तासाच्या अंदाजी नफ्यासह, फुकट वाचावयास मिळतात. आणि मिळविलेली नाणी खऱ्या रुपयांस विकणे कंपनीच्या नियमांविरुद्ध आहे. सापडल्यास खाते बंद होते.

हा धंदा जुनाच आहे. मुंबईत न्यूयॉर्कच्या कापूस बाजाराचे उघडते व मिटते भाव तारयंत्राने येत आणि त्यांवर लोक पैजा लावीत. 1961 साली ते भाव येणे थांबले. तेव्हा मडक्यातून चिठ्ठ्या काढून आकडा ठरू लागला. मटका तो हाच. 1962 साली वरळीस कल्याणजी भगत यांनी तो चालू केला. कापूस पिकविणारे राहिले दूर, त्याच्या भावाच्या आकड्यावर संसार बुडाले भलत्यांचेच! आकडा दहांतून एक लागावयाचा आणि रुपयास नऊच मिळावयाचे. म्हणजे दहाही आकड्यांवर एकेक रुपया लावणाऱ्यास रुपयाची खोट ठरलेली. तरीही 'उद्याचा आकडा' विकणाऱ्यांस गिऱ्हाईक कधी कमी पडले नाही. आमच्या कोकणी मुलखात तर स्वप्नावरून आकडा काढून देणारे होते. त्यांपैकी कोणी स्वतः माडीचे घर बांधलेले मात्र आमच्या पाहण्यात नाही.

फ्री फायर मॅक्ससारख्या खेळांतील हिऱ्यांविषयी विस्तार नको. ते हिरे कंपनीच देते व रुपये घेऊन विकते. 'फुकट हिरे काढण्याची युक्ती' सांगणाऱ्यास खात्याचा परवलीचा शब्द हवा असतो, इतके जाणले तरी पुरे. पैसे लावून खेळावयाच्या रमीसारख्या खेळांची गोष्ट आणखी निराळी. तेलंगणाने 2017 सालीच त्यांस बंदी केली. पैनगंगेपलीकडे मात्र ते चालूच होते. पुढे ऑगस्ट 2025 मध्ये संसदेने साऱ्या देशासाठी कायदा केला व 22 ऑगस्ट रोजी त्यास राष्ट्रपतींची संमती मिळाली. असा खेळ चालविणाऱ्यास तीन वर्षांपर्यंत कारावास व एक कोटी रुपयांपर्यंत दंड त्यात सांगितला आहे. जाहिरात करणाऱ्यासही शिक्षा आहे. तेव्हा अशा खेळात जिंकविणारे गाईड विकत घेण्याचा प्रश्नच उरत नाही.

असो. त्या विद्यार्थ्यास आम्ही एकच काम दिले: तीन आठवडे ग्रँड एक्स्चेंजमधील पाच वस्तूंचे भाव रोज वहीत टिपावे आणि गाईडाच्या जाहिरातीतील युक्ती त्यांस लावून पाहावी. वही त्याने आणून दाखविली. अक्षर नेहमीप्रमाणे वाईट, पण आकडे नीट मांडलेले. जाहिरातीत ज्या वस्तूवर मोठा नफा लिहिला होता, तीवर कर वजा जाता त्यास दोन नाणी तोटा आढळला. खाली पेन्सिलीने लिहिले होते: "सर, हा गाईडवाला रोज नवी जाहिरात टाकतो. मग तो खेळतो केव्हा?"

वेचणी संपली तेव्हा त्याच्या आईने त्या मजुरीतून धाकटीसाठी दप्तर घेतले. वही अद्याप चालू आहे. हल्ली तिच्या मागच्या पानांवर आदिलाबादच्या कापसाचे भाव उतरू लागले आहेत.