वर्गातले संग्रहालय कसे ठेवावे

पुण्याला राजा दिनकर केळकर संग्रहालय आहे. दिनकर गंगाधर केळकर यांनी १९२० च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली. त्यांचा मुलगा राजा लहानपणीच वारला. त्याचे नाव संग्रहालयाला दिले. पुढे त्यांनी सगळा संग्रह सरकारला देऊन टाकला! तिथे दिवे, अडकित्ते, भांडी अशा घरातल्याच वस्तू आहेत. मग आपल्या वर्गातही संग्रहालय होईल की.

आधी एक वही करावी. वस्तू आली की तिला नंबर द्यायचा. वहीत नंबर, नाव, कोणी दिली आणि ती कशाला वापरत ते लिहायचे. नंबराची चिठ्ठी दोऱ्याने बांधावी. डिंकाने डाग पडतो.

चार शेरांची एक पायली होते. पण घरातली पायली कोणी आणली, तिने काय मोजायचे, ते आजीलाच ठाऊक. आजी आहे तोवर विचारून घ्यावे. नाहीतर मागे नुसते भांडे उरते आणि ते भंगारवाला नेतो.

तांब्याचे भांडे चिंचेने लखलखीत करू नये. दर वेळी तांबे थोडे झिजते आणि कोरलेले नाव पुसट होते. आई म्हणेल काळे दिसते. दिसू दे! आपल्या शांती नगरला खाडी जवळ, हवा खारट. लोखंडाला लवकर गंज येतो. म्हणून ते कोरड्या फडक्यानेच पुसायचे. जुने कागद आणि कापड उन्हात ठेवायचे नाही, रंग उडतो.

पालकांनी वस्तू कायमची दिली का परत न्यायची आहे, ते वहीत लिहून सही घ्यावी.