हिरवळीचे अंदाजपत्रक : गवताचे आणि पाण्याचे

शाळा, ग्रामपंचायत कार्यालय किंवा दवाखाना यांच्या आवारात हिरवळ असावी, ही इच्छा स्वाभाविक आहे. परंतु छत्रपती संभाजीनगर जिल्ह्यातील वैजापूरसारख्या अवर्षणप्रवण तालुक्यात गवताच्या किमतीबरोबर पाण्याचा हिशेबही अंदाजपत्रकात यावयास हवा. दक्षिण सीमेवरून गोदावरी वाहते, नांदूर मधमेश्वरचा जलद कालवाही तालुक्यात आला आहे. तरीही टंचाईच्या वर्षी अनेक गावांना टँकरची वाट पाहावी लागते.

क्षेत्रफळ

उदाहरणादाखल, २० मीटर लांब व १५ मीटर रुंद असे शाळेचे आवार घेऊ. एकूण क्षेत्र ३०० चौरस मीटर. त्यातून लांबीभर जाणारी दीड मीटर रुंदीची पायवाट (३० चौ. मी.) आणि ध्वजस्तंभाचा ४ मीटर व्यासाचा गोल ओटा (सुमारे १२.५ चौ. मी.) वजा करावा. हिरवळीसाठी २५७.५ चौ. मी. उरतात. व्यापारी पुष्कळदा चौरस फुटाचा दर सांगतात. १ चौ. मी. म्हणजे १०.७६ चौ. फूट, तेव्हा हेच क्षेत्र सुमारे २,७७० चौ. फूट भरते. दर कोणत्या मापाचा आहे हे न पाहिल्यास रक्कम दहापटीहून अधिक चुकते.

माल

तयार गवताच्या ३० सें.मी. चौरस लाद्या घेतल्यास प्रत्येकी ०.०९ चौ. मी. जागा व्यापते. कापणी व नासधूस यांसाठी ५ टक्के जादा धरता सुमारे ३,००० लाद्या लागतील. ५ सें.मी. जाडीचा चांगल्या मातीचा थर द्यावयाचा झाल्यास सुमारे १३ घनमीटर, म्हणजे साडेचार ब्रास माती लागेल. याशिवाय सपाटीकरण, शेणखत, वाहतूक, मजुरी व कापणी यांच्या बाबी स्वतंत्र दाखवाव्यात आणि दर स्थानिक दरपत्रकांवरून घ्यावेत.

लाद्यांना स्वस्त पर्याय हराळीचा आहे. शेतकरी जी हराळी शेतातून कष्टाने खणून काढतो, तिच्याच कांड्या १० सें.मी. अंतरावर लावल्या तर सुमारे २५,७५० कांड्या पुरतात. खर्च मुख्यतः मजुरीचा उरतो. मात्र जमीन झाकली जाण्यास काही आठवडे लागतात. चांगला भिजपाऊस झाल्यावर लागवड केल्यास पाण्याची बचत होते.

पाणी

एक चौ. मी. जागेवर १ मिलिमीटर पाणी म्हणजे १ लिटर. उन्हाळ्यात रोज ५ मिलिमीटर धरले, तर या हिरवळीस दिवसाला सुमारे १,२९० लिटर पाणी लागेल. फेब्रुवारी ते मे या १२० दिवसांत ते दीड लाख लिटरच्या वर, म्हणजे दहा हजार लिटरच्या पंधरा टँकरांहून अधिक होते. जलजीवन मिशनच्या माणशी दररोज ५५ लिटर या प्रमाणाने रोजचे हे पाणी २३ माणसांचे आहे.

म्हणून हिशेबाची सुरुवात पाण्यापासून करावी. हात धुण्याच्या नळांवरील ४०० लिटर सांडपाणी रोज मिळत असेल, तर त्यास ५ ने भागावे : ८० चौ. मी. हिरवळ जगेल. तेवढीच ध्वजस्तंभाभोवती लावावी आणि उरलेल्या आवारात सावलीची झाडे लावावीत. सुटीत नळ बंद राहिले तरी हराळी वरून वाळते, पण मुळाशी जिवंत राहते व पहिल्या पावसात पुन्हा फुटते. पिण्याच्या पाण्याचा टँकर मात्र तिच्यासाठी वळविला जाऊ नये.