मचूळ पाणी व व्यस्त परासरण

जालना जिल्ह्यातील काळ्या खडकात खोदलेल्या कित्येक विंधन विहिरींचे पाणी दिसावयास नितळ, परंतु चवीस मचूळ असते. गाळल्याने विरघळलेले क्षार जात नाहीत. उकळल्याने जंतू मरतात, पण पाणी आटून उरलेले क्षार दाटच होतात.

शिक्षकांनी हा पाठ काकडीपासून आरंभावा. फोडींवर मीठ पसरताच पाणी सुटते, हे प्रत्येक मूल जाणते. पेशींच्या पातळ पडद्यातून पाणी अधिक क्षारांच्या बाजूकडे जाते. यास परासरण म्हणतात. खाऱ्या बाजूवर पुरेसा दाब दिल्यास पाणी उलट फिरते व बहुतेक क्षार मागे राहतात. लोब व सौरीराजन यांनी १९५९ च्या सुमारास कॅलिफोर्नियात यासाठी उपयुक्त पडदा सिद्ध केला. पडदा म्हणजे केवळ बारीक चाळणी, असे मात्र सांगू नये. पाण्याचे रेणू पडद्याच्या द्रव्यात शिरून पलीकडे झिरपतात, क्षारांना ते सहजी साधत नाही.

अडलेले क्षार वाहून नेण्यास काही पाणी सोडावेच लागते. टंचाईच्या मुलखात ही गोष्ट लहान नव्हे. यंत्राच्या दोन्ही नळ्यांखाली घागरी ठेवून मुलांकडून मोजमाप करवावे. सोडलेले पाणी फरशी धुण्यास चालते. रोपांस मात्र जपून घालावे.