आधी पंगत, मग पाळणा

आर्वी, जि. वर्धा
कोजागिरीनंतरचा रविवार

चि. बाळू यास,


परवा फोनवर तू इमॅजिका पार्कचं सांगितलंस, नायट्रोच्या पाळण्याचं सांगितलंस, विदर्भ एक्सप्रेसची सहाही तिकिटं पक्की झाल्याचं सांगितलंस. जेवायचं कुठं म्हणून विचारलं, तर म्हणालास, "आत्या, तिथं ढीगभर हॉटेलं आहेत, कुठंही खाऊ." त्या 'कुठंही'साठी हे पत्र लिहायला बसले. फोनवर बोलले असते तर तू नुसतं हो-हो केलं असतंस. कागद असला म्हणजे निदान सूनबाई तरी वाचेल.

एकतीस वर्षं शाळेत काढली, त्यात दरवर्षी सहल माझ्याच गळ्यात. रामटेक, चिखलदरा, हैदराबाद, नागपूरच्या अमरावती रोडवरचं फन अँड फूड व्हिलेज, एकदा तर थेट मुंबईला जाऊन होडीतून गोराईचं एस्सेलवर्ल्ड. ते १९८९ साली सुरू झालं होतं, आता बंद पडलंय. इतक्या सहलींत एक गोष्ट पक्की कळली. पोट्टे पाळण्यापाशी हरवत नाहीत. तिथं रांग असते, आणि रांगेत माणूस सापडतो. पोट्टे हरवतात, रडतात, भांडतात, ओकतात ते जेवणाच्या वेळी. मोठ्यांचंही तसंच, फक्त ते ओकत नाहीत, तोंड फुगवून बसतात.

माझीच गोष्ट सांगते. तू तेव्हा बारावीला होतास, म्हणून आला नव्हतास. आम्ही सगळे एका वॉटर पार्कला गेलो होतो. नाव लिहीत नाही, आता काय उपयोग? सासूबाई सोबत होत्या. सकाळची साखरेची गोळी त्यांनी घेतली, वर अर्धा कप चहा आणि दोन बिस्किटं. मी पिशवीत गूळ-फल्लीचे लाडू ठेवले होते, ते गेटवरच्या मुलानं काढून घेतले. "बाहेरचं चालत नाही, मॅडम." मीही वाद घातला नाही, चारचौघांत लाज वाटली. आत तुझे काका आणि पोरं घसरगुंडीवरून उतरायलाच तयार नाहीत. 'आणखी एकदा' करता करता दीड वाजला. आत जेवणाची जागा एकच, कूपन एका खिडकीवर, ताट दुसऱ्या खिडकीवर, आणि दोन्हीकडे ही गर्दी. सासूबाई एका ओल्या कठड्यावर बसल्या होत्या. मी कूपन घेऊन वळले तर त्यांचा चेहरा पांढराफटक, कपाळावर घाम, आणि त्या मला माझ्या जावेच्या नावानं हाक मारत होत्या. कपडे बदलायच्या खोलीपाशी एक बाई झाडू घेऊन बसायची. तिनंच ओळखलं. आपल्या थर्मासमधला चहा झाकणात ओतला, त्यात कागदाच्या पुडीतली साखर रिकामी केली आणि म्हणाली, "आधी हे पाजा, मग विचारा काय ते." दहा-पंधरा मिनिटांत सासूबाई भानावर आल्या. त्या बाईचं नावही मी विचारलं नाही, याची चुटपुट अजून लागते.

म्हणून सांगते, जेवणाची जागा निवडताना ती सगळ्यांत दमलेल्या माणसाच्या हिशेबानं निवड. तुमच्यात तो माणूस म्हणजे माझा दादा. गुडघे गेलेले, साखर आहे, आणि मागून काही घ्यायचं नाही हा स्वभाव. दुसरी चिऊ. तिला भूक लागल्याचं कळत नाही, ती सरळ रडायलाच लागते. या दोघांना जिथं बसता येईल, हात धुता येतील आणि ओळखीचं काहीतरी खाता येईल, ते तुमचं हॉटेल. पिंट्या काय, तो उभ्यानं खाईल, चालताना खाईल, तू ओरडलास तर ओरडा खाईल.

इमॅजिका मोठं आहे. खोपोली-पाली रस्त्यावर २०१३ साली सुरू झालं, म्हणजे आपल्या पिंट्यापेक्षाही वयानं थोडं मोठं. पार्क उघडलं तेव्हापासून तिथल्या दोन जागांची नावं ऐकते आहे. एक रेड बॉनेट, अमेरिकन पद्धतीचं, बर्गर-फ्राइजवालं. दुसरं इमॅजिका कॅपिटल, मोठं, नाना तऱ्हेचे पदार्थ असलेलं. पिंट्या पहिल्याकडे ओढेल, दादाला दुसरं लागेल. तू भांडण लावू नकोस, सरळ दोन वेळा वाटून दे. दुपारचं मुख्य जेवण वरण-भात मिळेल तिथं, आणि चार वाजताचं खाणं पिंट्याच्या आवडीचं. पण हॉटेलांच्या पाट्या, मेनू, वेळा बदलत राहतात. निघायच्या आदल्या दिवशी फोन करून विचार. आणि 'जेवण आहे का' असं विचारू नकोस, त्याचं उत्तर नेहमी 'हो'च येतं. साधा भात मिळेल का, दही मिळेल का, बिनतिखट वरण मिळेल का, तीनच प्रश्न. हे तिन्ही ज्या स्वयंपाकघरात आहेत तिथं सहा जणांचं कुटुंब जेवू शकतं. बाकी पिझ्झा असो की चिनी, ती वरची मजा.

गेटातून आत शिरल्यावर सगळे धावतात. तू धावू नकोस. नकाशा हातात घे आणि आधी जेवणाच्या जागेपर्यंत चालत जा, दादाला सोबत घेऊन. त्याच्या पावलांनी किती वेळ लागतो ते बघ. पायऱ्या आहेत की उतार, खुर्चीला पाठ आहे की नुसतं स्टूल, बेसिन चिऊच्या हाताला पुरतं का, संडास किती लांब. मग दारात दोन मिनिटं उभा राहा आणि जेवून बाहेर पडणाऱ्यांकडे बघ. भिंतीवरच्या फोटोंत सगळंच चकचकीत दिसतं. टेबलावर उरलेल्या ताटांत काय टाकलंय ते पाहिलंस की फोटो बघायची गरज उरत नाही. मी सहलीला नेहमी हेच करायची. एका जागी सगळ्यांच्या ताटात भाजी तशीच पडलेली दिसली, तेव्हा आम्ही पुढे जाऊन पुरी-श्रीखंड घेतलं होतं. अठ्ठेचाळीस पोट्टे मला दुवा देत होते, हेडमास्तर मात्र बिलाकडे बघत होते.

वेळ सांभाळ. सव्वाबाराच्या आत बसा, नाहीतर अडीचनंतर. एक ते दोन हा काळ सगळ्या जगाला भूक लागायचा. दादाची गोळी आहे म्हणून तुमच्यासाठी पहिलीच वेळ बरी. त्या वेळी पाळण्यांच्या रांगा लांब असतात अशी तक्रार पिंट्या करेल. त्याला सांग, लोक जेवायला बसतात तेव्हा रांगा कमी होतात, आणि तेव्हा आपण जेवून तयार असू. हे त्याला पटेल, हिशेबी आहे तो.

जेवून लगेच नायट्रो नको. किमान तासभर जाऊ दे. त्या वेळात बसून बघायचं काही करा, किंवा दादाला घेऊन सावलीत बसा. हलत्या खुर्चीच्या सिनेमांचाही भरवसा धरू नकोस. डोळ्याला पळतंय असं दिसतं आणि अंग जागेवर असतं, त्यात तेलकट खाल्लेलं पोट पहिलं बंड करतं. राजासॉरसची होडी मात्र दादाला दाखव. राजासॉरस हा आपल्या नर्मदेच्या खोऱ्यात सापडलेला डायनासोर, हे त्याला सांगितलंस तर तो भिजला तरी कुरकुर करणार नाही.

आता तिखटाचं. आपण वऱ्हाडी माणसं तर्रीवर वाढलेली. दादा तिथल्या उसळीचा पहिला घास घेऊन "हे गोड लागते बावा" म्हणणार, हे मी आत्ताच लिहून देते. त्याच्यासाठी सुक्या लसणाच्या चटणीची छोटी पुडी खिशात ठेव. गेटवर सापडली तर त्यांना देऊन टाक, भांडू नकोस. पण औषधं, साखरेच्या गोळ्या किंवा ग्लुकोजची पुडी आणि डॉक्टरांची चिठ्ठी सोडू नकोस. घाम फुटला, हात थरथरले तर तीन चमचे साखर पाण्यातून द्यायची, पंधरा मिनिटं थांबायचं, तरी बरं नाही वाटलं तर पुन्हा तेवढीच. बरं वाटलं की मग जेवण. माणूस ग्लानीत असेल, गिळता येत नसेल, तर तोंडात काही ओतू नका, सरळ मदत बोलवा. सूनबाईला हे दोनदा वाचून दाखव.

पैशाचं थोडं. बुफेची पाटी वाचून हुरळून जाऊ नकोस. चिऊ दोन चमचे भात आणि एक गुलाबजाम खाते, तिचं पूर्ण ताट कशाला? लहानांचा दर वयानं आहे की उंचीनं, ते आधी विचार. तिकिटासोबत जेवणाचं कूपन देऊ म्हणाले तर ते कोणकोणत्या हॉटेलांत चालतं ते विचारूनच घे, नाहीतर कूपन वापरायचं म्हणून दादाला पिझ्झा खावा लागेल. टेबलावर बसून जेवलात तर बिलात सेवाशुल्क आपोआप लावलंय का ते बघ. ते ऐच्छिक आहे, नको असेल तर शांतपणे काढायला सांग. बिलावर चौदा आकडी एफएसएसएआय क्रमांक असायला हवा, २०२२पासून तो नियम आहे. नुसती पाण्याची बाटली दुकानातून घेतलीस तर तिच्यावरची छापील किंमत बघ. एकाच मालाच्या दोन छापील किमती ठेवायच्या नाहीत असं २०१८पासून ठरलेलं आहे. पण हॉटेलात बसून मागितलीस तर ते जास्त घेऊ शकतात, सुप्रीम कोर्टानंच तसं सांगितलंय, म्हणून तिथं वाद घालून दिवस नासवू नकोस. रिकाम्या बाटल्या सोबत ने आणि पिण्याच्या पाण्याच्या नळावर भरून घे. वर्ध्याचा घाम अंगावरच वाळतो. कोकणाच्या अंगाला आलं की तो वाळतच नाही, पोरं भिजलेली असतात आणि कुणाला तहान लागल्याचं कळत नाही.

बारचं एक राहिलं. आपला जिल्हा दारूबंदीचा, म्हणजे काय असतं ते तुला मी सांगायला नको. पण आपल्या पोरांनी हॉटेलाच्या पाटीवर 'बार' हा शब्द सहसा वाचलेला नसतो. मोठ्या पार्कांत एखाद्या जागेला बार जोडलेला असतो. ते वाईट आहे असं मी म्हणत नाही. पण चिऊ मोठ्यानं विचारेल आणि दादा त्यावर अर्धा तास सेवाग्राम सांगेल. म्हणून लांबचं टेबल बघ.

गंमत माहीत आहे का? अमेरिकेत १९५५ साली डिस्नेलँड उघडलं. त्या वॉल्ट डिस्नेनं सांगितलेलं आहे की त्याच्या मुली गोल फिरणाऱ्या घोड्यांवर बसायच्या आणि तो बाकावर बसून शेंगदाणे खात बघत राहायचा. आईबापांना आणि मुलांना सोबत मजा करता येईल अशी जागा का नसावी, हा विचार तिथंच सुचला म्हणे. म्हणजे एवढ्या मोठ्या धंद्याच्या मुळाशी फल्लीदाणे आणि बाक! तू काहीच नाही तर दादासाठी तसा एक बाक शोधून ठेव.

तुला बोर धरणाचं वनभोजन आठवतं का? गोवऱ्यांच्या आरात भाजलेले रोडगे, वांग्याची भाजी, वरण. दादा रोडगा फोडून त्यात तूप ओतायचा आणि कपड्याची झोळी करून गरम रोडगा झटकायचा, राख उडायची आणि वहिनी ओरडायची. पंगतीत आजीला सतरंजीच्या टोकाला झाडाच्या बुंध्याला टेकवून बसवायचे, पोट्टे मध्ये. कोण कुठं बसणार हे कुणी ठरवत नव्हतं, ते ठरलेलंच असायचं. पार्कात ते ठरवून करावं लागतं, एवढंच. सगळ्यांची ताटं येईपर्यंत टेबलावर थांबा, तुकड्या पाडून खाऊ नका, आणि सगळे बसले की पाणी आधी दादाला.

वाटेत लागेल म्हणून गोरस भांडारातला गोरसपाक, तिखट-मिठाच्या पुऱ्या आणि सांबारवडी डब्यात घे. सांबारवडी म्हणजे आपली कोथिंबिरीची. मुंबईकडच्या कुणाला देशील तर आधी समजावून सांग, नाहीतर ते दाक्षिणात्य सांबार शोधतील त्यात. कल्याणला पहाटे उतरून खोपोली लोकल धरायची, तेव्हा स्टेशनवर चहासोबत या पुऱ्यांनी सगळ्यांच्या पोटाला आधार होईल. पार्कात शिरायच्या आधी बाहेरच डबा संपवा. गेटवरच्या मुलाला टाकायला काही ठेवू नका, माझे लाडू अजून माझ्या मनात आहेत.

आल्यावर दादाला माझ्याकडे आठ दिवस पाठव. तिथली उसळ कशी होती ते मला त्याच्याच तोंडून ऐकायचंय. रोडगे मी करीन, गोवऱ्या कोरड्या ठेवल्यात. चिऊला पापा, पिंट्याला धपाटा.

तुझी,
आत्या

ता.क. पिंट्याच्या खिशात तुझा फोन नंबर लिहिलेली चिठ्ठी ठेव. तीच चिठ्ठी दादाच्याही खिशात ठेव, पण त्याला सांगू नकोस.