सौम्य ताण आणि शरीराचे वार्धक्य

ताण हा शरीराचा शत्रू, अशी आपली सर्वसाधारण समजूत असते. तीव्र आणि दीर्घकाळ टिकणाऱ्या ताणाच्या बाबतीत ती खरीही आहे. परंतु जो आघात मोठ्या प्रमाणात घातक ठरतो, तोच अल्प प्रमाणात व मधूनमधून झाला तर पेशी अधिक सक्षम होतात, असेही अनेकदा आढळते. यास 'हॉर्मेसिस' म्हणतात. 1888 साली जर्मन शास्त्रज्ञ ह्यूगो शुल्झ यांनी यीस्टला मारणारी जंतुनाशके अगदी विरळ करून त्यालाच दिली, तेव्हा त्याचे कार्य मंदावण्याऐवजी वाढलेले दिसले.

हे घडते कसे? इटलीचे फेरुचियो रितोसा फळमाशीच्या पेशींचा अभ्यास करीत असताना उबवणपेटीचे तापमान चुकून वाढले गेले आणि पेशींतील गुणसूत्रांवर ठराविक ठिकाणी फुगवटे आले. म्हणजे तेथील जनुके उष्णतेने जागी झाली होती. हे निरीक्षण त्यांनी 1962 मध्ये प्रसिद्ध केले. ही जनुके संरक्षक प्रथिने निर्माण करवितात आणि ती प्रथिने, बिघडलेल्या इतर प्रथिनांची घडी पुन्हा नीट बसवतात, हे पुढे उलगडले. वाढत्या वयात पेशींमध्ये अशी बिघडलेली प्रथिने साचत जातात. म्हणूनच या शोधाचा वार्धक्याशी संबंध पोहोचतो. डेन्मार्कमधील आरहूस विद्यापीठात सुरेश रतन यांनी मानवी त्वचेच्या पेशींना आठवड्यातून दोनदा, एक-एक तास 41 अंश सेल्सियस उष्णता दिली. त्या पेशींमध्ये वार्धक्याच्या अनेक खुणा उशिरा प्रकट झाल्या. अर्थात, त्या पेशी प्रयोगशाळेतील बशीत होत्या, हे विसरता कामा नये.

व्यायामाचेही तसेच आहे. 2009 मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका जर्मन अभ्यासात, व्यायामाबरोबर क आणि ई जीवनसत्त्वांच्या गोळ्या घेणाऱ्या तरुणांना व्यायामाचा इन्सुलिनविषयक लाभ मिळाला नाही. गोळ्या न घेणाऱ्यांना तो मिळाला. शरीराला बसणारा किंचित धक्काच त्या गोळ्यांनी पुसून टाकला होता, असा त्याचा अर्थ लावला गेला.

आता उपवासाकडे वळू. अन्न मिळेनासे झाले की पेशी आपलेच जीर्ण भाग मोडून पुन्हा वापरात आणते. या प्रक्रियेवरील कार्यासाठी जपानचे योशिनोरी ओसुमी यांना 2016 चे नोबेल पारितोषिक मिळाले. तेव्हापासून रमजान आला की 'रोजाला नोबेल मिळाले' असे संदेश मोबाइलवर फिरू लागतात. हे खरे नाही. ओसुमींचे मूलभूत प्रयोग उपाशी ठेवलेल्या यीस्टवर होते, रोजेदारांवर नव्हते. रोजा ही इबादत आहे आणि तिला अशा उसन्या प्रमाणपत्राची मुळीच गरज नाही.

या अतिशयोक्तीची किंमत कधीकधी घरातील वडीलधाऱ्यांना मोजावी लागते. इन्सुलिन घेणारे आजोबा 'उपवासाने तर साखर सुधारते' या ऐकीव आधारावर डॉक्टरांना न विचारता रोजा धरतात आणि दुपारी साखर एकाएकी खाली गेल्याने घाम फुटून, हातपाय थरथरून बसून राहतात. सौम्य ताणाचे सारे गणित मात्रेवर आणि शरीराच्या सावरण्याच्या शक्तीवर अवलंबून आहे. निरोगी तरुणाला जो ताण सौम्य, तोच थकलेल्या, आजारी देहाला असह्य होऊ शकतो. कुरआनने आजारी व प्रवासी यांना रोजातून सवलत दिली आहे. तिचा लाभ घेणे म्हणजे ईमान कमी पडणे, असे मानणारी मंडळी आपल्यात आहेत, हे दुर्दैव.

प्रेषित मुहम्मद (स.) यांनी सहरी करण्याचा आग्रह धरला, इफ्तारला विलंब करू नये असे शिकविले आणि इफ्तारविना रोजाला रोजा जोडण्यास मनाई केली. हजरत अब्दुल्लाह बिन अम्र (र.) तरुणपणी दररोज रोजा ठेवू इच्छित होते. प्रेषितांनी (स.) त्यांना शरीराच्या हक्काची आठवण दिली आणि महिन्यातून तीन रोजे पुरेसे असल्याचे सांगितले. आपल्यात याहून अधिक शक्ती आहे, असे ते म्हणत राहिले. शेवटी हजरत दाऊद (अ.) यांच्याप्रमाणे एक दिवसाआड, ही कमाल मर्यादा त्यांना घालून देण्यात आली. पुढे वृद्धापकाळी शक्ती क्षीण झाली, तेव्हा ती पहिली सवलत आपण स्वीकारली असती तर बरे झाले असते, असे ते बोलून दाखवीत.