लिहिणाऱ्या नातीसाठी पाच कानमंत्र

बाय, तू लिहायला बसलीस याचा मोठा आनंद झाला. आमच्या वेळी अलिबागेत राहून लिहिणाऱ्याला एक शब्द अडला तरी वाचनालय उघडायची वाट बघावी लागे आणि दुर्मीळ ग्रंथ हवा तर मुंबई गाठावी लागे. आज ते सगळं तुझ्या फोनवर आहे, बहुतेक फुकटच. मात्र कशासाठी कुठे बघायचं आणि त्यावर किती विसंबायचं, हे माहीत हवं.

पहिला मंत्र टंकलेखनाचा. जे लिहिशील ते युनिकोडमध्येच लिही. जुन्या फॉन्टमधला मजकूर दुसऱ्याच्या यंत्रावर वाचता येत नाही आणि शोधून सापडतही नाही. इन्स्क्रिप्ट कळफलक शिकून घे; संगणकात तो असतोच. समुद्र म्हणजे दर्या आणि डोंगरातल्या त्या दऱ्या, हा फरक त्यात एका कळीचा आहे: J ची कळ दाबली की र, शिफ्टसह दाबली की ऱ. बोलून टाइप करायची सोय कच्च्या खर्ड्याला चांगली. आगरी किंवा कोळी बोली टिपायची असेल तर मात्र ध्वनिमुद्रण जपून ठेव आणि कानाने ऐकून हाताने लिही. यंत्र बोलीला प्रमाण मराठीकडे ओढतं.

दुसरा मंत्र कोशांचा. मोल्सवर्थचा 1857 चा कोश आणि दाते-कर्वे यांचा महाराष्ट्र शब्दकोश शिकागो विद्यापीठाच्या संकेतस्थळावर शोधता येतात. ‘बृहद्कोश’वर अनेक मराठी कोश एकदम चाळता येतात. सरकारी किंवा शास्त्रीय संज्ञा हवी असेल तर भाषा संचालनालयाचे परिभाषा कोश बघ. शुद्धलेखनासाठी साहित्य महामंडळाचे 18 नियम, म्हणजे 1962 चे 14 आणि 1972 चे 4, एकदा नीट वाच. लाल रेघ मारणारं यंत्र चुकतं. नियम ठाऊक असले की ते कुठे चुकलं हे कळतं.

तिसरा मंत्र माहितीचा. सुरुवात वाईत आकाराला आलेल्या मराठी विश्वकोशापासून कर; तो पूर्ण ऑनलाइन आहे. विकिपीडियावर लेख वाचलास की तळाचे संदर्भ उघडून बघ, तिथेच थांबू नकोस. आपल्या किनाऱ्यावर लिहायचं तर 1883 चं कुलाबा-जंजिरा गॅझेटियर इंटरनेट आर्काइव्हवर आहे. चौल, रेवदंडा, मुरूड, मिठागरं, मासेमारी, सगळं त्यात सापडेल. पण ते इंग्रजी राज्यकारभारासाठी लिहिलेलं आहे, हे विसरू नकोस. कुळांनी काय सोसलं, हे त्यातून पुरतं कळणार नाही. 1933 साली सुरू झालेला चरी गावचा शेतकरी संप समजून घ्यायला जुनी वर्तमानपत्रं आणि गावातली म्हातारी माणसंच गाठायला हवीत. जालावर पुस्तक दिसलं म्हणून उचलू नकोस: आपल्याकडे लेखकाच्या मृत्यूनंतर 60 वर्षं स्वामित्वहक्क राहतो.

चौथा मंत्र दर्याचा. कथेत भरती-ओहोटी आली की वेळ तपास. आजची वेळ भरतीच्या ऑनलाइन तक्त्यात मिळते. जुन्या तारखेसाठी ऑनलाइन पंचांगातून तिथी काढ आणि कोळ्यांचा हिशोब लाव: तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे साधारण पूर्ण भरतीची वेळ. चतुर्थीला तीन, अष्टमीला सहा, अमावास्या-पौर्णिमेला सव्वाअकरा. पक्ष कुठलाही असो. म्हणजे पौर्णिमेच्या भर दुपारी तुझा नायक अलिबागच्या वाळूवरून कुलाबा किल्ल्यात चालत गेला, तर इथला वाचक तिथेच पुस्तक मिटेल.

पाचवा मंत्र जपणुकीचा. 3 जून 2020 ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-दिवेआगरच्या बाजूला किनाऱ्यावर आलं, तेव्हा अनेक गावांत कित्येक दिवस ना वीज होती ना फोनला रेंज. म्हणून लेखनाची एक प्रत ऑनलाइन ड्राइव्हवर, एक पेनड्राइव्हमध्ये आणि महत्त्वाचं ते कागदावर ठेव. पावसाळ्याआधी हे काम उरकून टाक.

तयार उत्तरं देणारी नवी यंत्रंही तू वापरशील. वापर, पण त्यांनी दिलेलं प्रत्येक नाव आणि साल मूळ ग्रंथात बघितल्याशिवाय छापायला देऊ नकोस.

आणि एक मागणं. कोळीवाड्यात, मिठागरात, नारळ-सुपारीच्या वाडीत तुला असे शब्द ऐकू येतील, जे कुठल्याच कोशात नाहीत. ते अर्थासह, गावाच्या नावासह मराठी विक्शनरीत नोंदव. आपल्या आधीच्या लोकांनी जमवलेलं तू रोज फुकट वापरतेस. त्यात आपल्या किनाऱ्याची भर तूच घालायची आहेस.